इंग्लंडमधील ग्रामीण बागकाम-मंडळांची वार्षिक प्रदर्शने : स्पर्धा, नियम आणि समाजजीवन

प्रस्तावना

इंग्लंडच्या ग्रामीण जीवनात उन्हाळ्याच्या अखेरीस भरणाऱ्या बागकाम-प्रदर्शनाला विशेष स्थान आहे. गावातील सभागृहात किंवा मैदानावर उभारलेल्या मंडपात लांबलचक टेबले मांडली जातात, त्यांवर पांढरे कागद अंथरले जातात आणि त्या कागदांवर गावकऱ्यांनी स्वतःच्या परसात वाढवलेले कांदे, बटाटे, वाटाण्याच्या शेंगा, डेलिया, गुलाब, मुरंबे आणि केक ओळीने ठेवले जातात. दुपारपर्यंत परीक्षकांचे काम आटोपते. त्यानंतर दरवाजे उघडतात आणि आपल्या थाळीपुढे बक्षिसाचे कार्ड आहे की नाही, हे पाहण्यासाठी स्पर्धक आत शिरतात.

वरवर पाहता हा केवळ हौसेचा प्रकार वाटतो. बक्षिसाची रक्कमही क्षुल्लक असते. अनेक ठिकाणी ती एक-दोन पौंडांपलीकडे जात नाही. तथापि या प्रदर्शनांचा सुमारे दोन-अडीच शतकांचा इतिहास पाहिला असता त्यांमागे श्रमिकांचा स्वाभिमान, जमिनीचा प्रश्न, वनस्पतींच्या वाणांची निवड व जतन आणि गावाने सर्वसंमतीने मान्य केलेली न्यायाची एक पद्धत या चार गोष्टी दडलेल्या आहेत, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात या प्रदर्शनांचा उगम, त्यांची नियमव्यवस्था, त्यांचे सामाजिक कार्य आणि त्यांच्यापुढील आजचे प्रश्न यांचा क्रमाने परामर्श घेतला आहे.

फ्लोरिस्ट मंडळे : स्पर्धेचा उगम

आज ‘फ्लोरिस्ट’ या शब्दाचा अर्थ फुलविक्रेता असा होतो. सतराव्या व अठराव्या शतकांत मात्र विशिष्ट फुलझाडांचे नवे वाण तयार करून त्यांचे सौंदर्य ठरावीक कसोट्यांवर पारखणाऱ्या हौशी बागवानाला ही संज्ञा लावली जात असे. ट्यूलिप, ऑरिक्युला, कार्नेशन, पिंक, रॅनन्क्युलस, ॲनिमोनी, हायासिंथ आणि पॉलिअँथस ही या मंडळींची मानाची फुले होत. नॉर्विच येथे १६३१ मध्ये फ्लोरिस्टांच्या मेजवानीनिमित्त राल्फ नेव्हेट याचे एक नाटक सादर झाले होते. त्यावरून फुलांभोवती संघटित होण्याची ही प्रथा किती जुनी आहे, हे लक्षात येते. यॉर्क येथील ‘एन्शन्ट सोसायटी ऑफ यॉर्क फ्लोरिस्ट्स’ हे मंडळ १७६८ पासून आपला इतिहास सांगते.

प्रारंभी सुखवस्तू लोकांचा असलेला हा छंद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरांकडे आला. घरी मागावर बसणाऱ्या विणकराला दिवसातून अनेक वेळा उठून कुंडीकडे लक्ष देता येत असे. ऑरिक्युलाला पावसापासून जपावे लागते, कारण तिच्या पानाफुलांवरील पांढरी पूड पाण्याने धुऊन जाते. असे जपणूक मागणारे झाड घरी काम करणाऱ्या माणसालाच सांभाळता येते. स्कॉटलंडमधील पेस्ली येथील विणकर पाकळीला रंगीत किनार असलेल्या पिंक फुलांसाठी प्रसिद्ध होते. ही प्रदर्शने बहुधा खाणावळींत व मद्यगृहांत भरत आणि तांब्याची किटली हे बक्षीस म्हणून दिले जाई. वेकफिल्ड येथील ट्यूलिप मंडळ १८३६ मध्ये स्थापन झाले. ते आजही कार्यरत असून तेथे स्पर्धेची फुले बिअरच्या तपकिरी बाटल्यांत मांडण्याची जुनी रीत पाळली जाते. कारागिरांच्या मद्यगृहातील मेजावरून ही स्पर्धा वाढली, याची ती बाटली म्हणजे बोलकी खूणच होय.

याच काळात उच्चवर्गीयांनीही आपली संस्था उभी केली. लंडनमधील हॅचर्ड्स या पुस्तकाच्या दुकानात ७ मार्च १८०४ रोजी झालेल्या बैठकीतून ‘हॉर्टिकल्चरल सोसायटी’ निर्माण झाली आणि १८६१ मध्ये तिला ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले. पुढे खेड्यांतील प्रदर्शनांना नियमांची समान चौकट देण्याचे कार्य या संस्थेने केले. परंतु स्पर्धेची प्रेरणा तिच्यापूर्वीच कारागीर वस्त्यांत रुजलेली होती, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

गूजबेरीचे वजन आणि डार्विनचा पुरावा

फुलांच्या स्पर्धेत सौंदर्याविषयी मतभेद संभवतात. वजनाविषयी तसे होत नाही. म्हणूनच गूजबेरीच्या स्पर्धा श्रमिक वर्गात विशेष लोकप्रिय झाल्या. आपल्याकडे इंग्रजीत ‘इंडियन गूजबेरी’ म्हणून आवळ्याचा निर्देश होतो; परंतु इंग्लंडमधील गूजबेरी हे अगदी वेगळ्या कुळातील, काटेरी झुडपावर येणारे आंबटगोड फळ आहे. लँकेशर, चेशर आणि यॉर्कशर या परगण्यांत त्याच्या स्पर्धा भरत. यॉर्कशरमधील एगटन ब्रिज या खेड्यातील ‘ओल्ड गूजबेरी शो’ १८०० सालापासून चालत आला असून तो ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी भरतो.

चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पाळीव प्राणी व लागवडीखालील वनस्पती यांच्यातील बदलांविषयीच्या ग्रंथात या स्पर्धांच्या नोंदींचा उपयोग केला आहे. गूजबेरी पिकवणाऱ्यांच्या वार्षिक नोंदवहीच्या आधारे त्याने दाखवून दिले की, रानटी गूजबेरीचे वजन सुमारे १२० ग्रेन, म्हणजे जेमतेम ८ ग्रॅम असते. १७८६ च्या सुमारास स्पर्धेतील फळ २४० ग्रेनपर्यंत पोहोचले, १८१७ मध्ये ६४१ ग्रेनपर्यंत आणि १८५२ मध्ये स्टॅफर्डशरमध्ये ‘लंडन’ या वाणाचे फळ ८९६ ग्रेन, म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम भरले. कोंबडीच्या मध्यम आकाराच्या अंड्याचे वजन जवळजवळ इतकेच असते. केवळ १८४५ या एका वर्षात १७१ गूजबेरी-प्रदर्शनांची नोंद झाल्याचेही डार्विनने नमूद केले आहे.

या वाढीचे काही श्रेय मशागतीला जाते. झुडपावर मोजकीच फळे ठेवणे, मुळांशी खत व आच्छादन देणे, कडक छाटणी करणे हे उपाय स्पर्धक करीत. तथापि वाढीचे मुख्य कारण म्हणजे बियांपासून उगवलेल्या रोपांतून सर्वांत मोठे फळ देणारे रोप पिढ्यानपिढ्या निवडणे हेच होते, असे डार्विनचे प्रतिपादन आहे. निवडीच्या तत्त्वाचा इतका काटेकोर, तराजूवर मोजलेला आणि वर्षवार लिहून ठेवलेला पुरावा अल्पशिक्षित कामगारांच्या मंडळांनी केवळ स्पर्धेच्या गरजेपोटी निर्माण केला, ही बाब विज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. १७८६ ते १८५२ या ६६ वर्षांत स्पर्धेतील फळाचे वजन जवळजवळ चौपट झाले. त्यानंतर वाढीचा वेग अत्यंत मंदावला. एगटन ब्रिज येथे २०१९ मध्ये विक्रमी ठरलेले फळ सुमारे ६५ ग्रॅमचे होते. म्हणजे पुढील १६७ वर्षांत अवघ्या ७ ग्रॅमची भर पडली. निवडीने सुरुवातीला मोठी झेप घेता येते. परंतु पुढे फळाच्या शरीररचनेच्या मर्यादा आड येतात. फळ फार फुगले की त्याची साल फाटते आणि फाटलेले फळ स्पर्धेतून बाद होते.

हिचमचा प्रयोग : प्रदर्शन आणि जमिनीचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकात खेड्यांत प्रदर्शने सुरू करण्यात धर्मगुरू व जमीनदार यांचा पुढाकार होता. मजूर मद्यगृहाकडे न वळता परसात रमावा, हा त्यांचा हेतू असे. या हेतूत उपदेशाचा भाग होताच. परंतु काही ठिकाणी त्यापलीकडे जाणारे कार्य झाले. सफक परगण्यातील हिचम हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

केंब्रिज विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो हे डार्विनचे गुरू. १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावर डार्विनला संधी मिळाली, ती त्यांच्याच शिफारशीमुळे. १८३७ मध्ये त्यांची हिचमच्या धर्मगुरुपदी नियुक्ती झाली आणि १८६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते. हिचममधील शेतमजूर अतिशय दरिद्री होते. मजुरी अपुरी, स्वतःची जमीन नाही आणि हिवाळ्यात काम नाही, अशी त्यांची स्थिती होती. हेन्स्लो यांनी मजूर कुटुंबांना भाजीपाल्यासाठी सुमारे पाव एकराचे तुकडे अल्प भाड्याने मिळवून दिले. मजुराला स्वतःचा तुकडा मिळाला तर तो आपल्या शेतावर मन लावून काम करणार नाही, या भीतीने गावातील शेतकऱ्यांनी या योजनेला विरोध केला. परंतु हेन्स्लो मागे हटले नाहीत.

या जमिनींना जोडूनच त्यांनी बागकाम-प्रदर्शने सुरू केली. ती धर्मगुरूच्या निवासस्थानासमोरील हिरवळीवर भरत. मजुरांच्या भाज्या व फळांना बक्षिसे असत आणि शाळेतील मुलांनी गोळा केलेल्या रानफुलांनाही असत. एका तंबूत हेन्स्लो नैसर्गिक वस्तूंचे छोटे संग्रहालय मांडीत आणि उपस्थितांना लहान लहान व्याख्याने देत. गावच्या शाळेतील मुलींना त्यांनी वनस्पतींचे शास्त्रीय वर्गीकरण शिकवले होते. अशा रीतीने जमीन, शिक्षण आणि स्पर्धा या तीन गोष्टी हिचममध्ये एकत्र आल्या. प्रदर्शन हे तेथे शोभेचे साधन राहिले नाही. मजुराने स्वतःच्या तुकड्यावर काय पिकवले, याचा तो सार्वजनिक ताळेबंद ठरला. तुकडा दिल्याने मजूर आळशी होईल, या आक्षेपाला टेबलावरील बटाट्यांनी दिलेले ते उत्तर होते, असे म्हणता येईल.

पुढे १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर मागणीनुसार अशा जमिनी उपलब्ध करून देण्याचे दायित्व निश्चित केले. ‘अलॉटमेंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुकड्याचे पारंपरिक माप १० रॉड, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘डिग फॉर व्हिक्टरी’ या मोहिमेमुळे या तुकड्यांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढली. आजही अनेक बागकाम-मंडळांचे सभासद व अलॉटमेंटधारक ही एकच मंडळी असतात.

नियमांची भाषा

बागकाम-प्रदर्शनाचा आधार म्हणजे त्याची स्पर्धापत्रिका होय. ती प्रदर्शनाच्या कित्येक महिने आधी छापली जाते, कारण कोणत्या वर्गात भाग घ्यायचा यावर पेरणीची तारीख अवलंबून असते. ‘बटाटे, पांढरे, ४ नग’, ‘कांदे, प्रत्येकी २५० ग्रॅमपर्यंत, ३ नग’, ‘वाटाण्याच्या शेंगा, ६ नग’ अशा स्वरूपात तीत वर्ग दिलेले असतात. नगांची संख्या चुकली, तर वस्तू कितीही उत्तम असली तरी ती बाद ठरते. अशा प्रवेशिकेवर परीक्षक ‘पत्रिकेनुसार नाही’ एवढाच शेरा लिहितो. नवख्या स्पर्धकाच्या दृष्टीने हा शेरा सर्वांत कटू असतो. कारण त्याचा पराभव दुसऱ्याच्या कांद्याने नव्हे, तर स्वतःच्या वाचनातील दुर्लक्षाने झालेला असतो.

बहुसंख्य मंडळे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनविषयक नियमपुस्तिकेचा आधार घेतात. या पुस्तिकेतील व्याख्या कायद्याच्या कलमांइतक्या नेमक्या आहेत. ‘डिश’ म्हणजे बशी नव्हे, तर एक प्रवेशिका ठरणारी फळांची वा भाज्यांची विहित संख्या होय. ‘व्हाज’ म्हणजे ज्याची उंची तोंडाच्या व्यासापेक्षा अधिक आहे असे फुलपात्र. टोमॅटो वनस्पतिशास्त्रानुसार फळ असले तरी प्रदर्शनात ते भाजीच्या वर्गात येते. ‘प्रकार’ आणि ‘वाण’ यांतील भेदही तेथे काटेकोरपणे पाळला जातो : सफरचंद व नासपती हे दोन प्रकार होत, तर सफरचंदाच्या दोन जाती म्हणजे एकाच प्रकारातील दोन वाण. ‘तीन प्रकारची फळे’ मागितली असता सफरचंदाच्या तीन जाती मांडणारा स्पर्धक म्हणूनच बाद होतो.

गुणांकनातही एक तत्त्व आहे. पिकवायला कठीण असलेल्या भाजीला अधिक गुण आणि सोप्या भाजीला कमी गुण ठरवलेले असतात. त्यामुळे संमिश्र संग्रहाच्या वर्गात उत्तम मुळ्यापेक्षा उत्तम फ्लॉवरला साहजिकच अधिक मोल मिळते. ताजेपणा व निरोगीपणा, आकारमान, घडण, रंग आणि एकसारखेपणा या कसोट्या सामान्यतः लावल्या जातात. यांपैकी एकसारखेपणाची कसोटी अनुभवी स्पर्धकालाही अवघड जाते. एक प्रचंड कांदा आणि दोन मध्यम कांदे यांच्यापेक्षा एकमेकांशी तंतोतंत जुळणारे तीन मध्यम कांदे श्रेष्ठ ठरतात. एखादे फळ योगायोगाने मोठे होऊ शकते. तीन फळे सारखी होणे हे मात्र बागवानाच्या नियंत्रणाचे लक्षण होय, असा त्यामागील विचार आहे.

मांडणीचेही संकेत आहेत. वाटाण्याच्या शेंगेवरील नैसर्गिक मेणचट थर पुसला जाऊ नये म्हणून ती देठाला धरूनच तोडावी लागते. टोमॅटोचा हिरवा देठ शाबूत ठेवतात, कांद्याची मान दोऱ्याने नीट बांधतात आणि बिटाचे सोटमूळ तुटू देत नाहीत. परीक्षक शेंग उजेडासमोर धरून आतील दाण्यांची संख्या व त्यांतील रिकाम्या जागा पाहतो. घेवड्याची शेंग मोडून तिचा ताजेपणा अजमावतो. बटाट्यावर खवड्याचा डाग किंवा गोगलगायीचे छिद्र आहे का, हे तपासतो.

न्यायाची पद्धत

प्रदर्शनाच्या दिवसाचा क्रम ठरलेला असतो. सकाळी स्पर्धक आपापल्या वस्तू मांडतात. ठरल्या वेळी सभागृह रिकामे केले जाते. स्पर्धकाचे नाव लिहिलेले कार्ड पालथे ठेवलेले असते. परीक्षक शक्यतो बाहेरगावचा असतो आणि त्याच्यासोबत फक्त मंडळाचा एक कार्यवाह फिरतो. निर्णय लिहून झाल्यावरच कार्ड उलटले जाते. पहिल्या क्रमांकाच्या योग्यतेचे काहीही नसेल, तर पहिले बक्षीस राखून ठेवण्याचा अधिकार परीक्षकास असतो. हरकत असल्यास ती ठरावीक मुदतीत लेखी द्यावी लागते.

वस्तू स्पर्धकाने स्वतः वाढवलेली असावी, हा मूलभूत नियम आहे. एकोणिसाव्या शतकात या नियमाला वर्गीय आशय होता. जमीनदाराच्या नावाने मांडलेली द्राक्षे प्रत्यक्षात त्याच्या पगारी माळ्याने काचघरात पिकवलेली असत. अशा द्राक्षांशी मजुराच्या परसातील फळांची तुलना होऊ शकत नव्हती. त्यामुळे अनेक प्रदर्शनांत झोपडीधारकांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवले जात. पूर्वी पहिले बक्षीस न मिळालेल्यांसाठी नवोदितांचा वर्ग ठेवण्याची आजची पद्धत याच समतेच्या विचाराशी जुळणारी आहे.

मक्तेदारी रोखण्याची तरतूदही आढळते. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीशी संलग्न मंडळांच्या प्रदर्शनांत बागकामाच्या वर्गांतून सर्वाधिक बक्षीस-रक्कम मिळवणाऱ्या स्पर्धकास सर जोसेफ बँक्स यांच्या नावाचे ‘बँक्सियन पदक’ दिले जाते. ते एकदा मिळालेल्या स्पर्धकाला पुढील दोन वर्षे त्याच प्रदर्शनात पुन्हा मिळू शकत नाही. फिरत्या चषकांवर विजेत्यांची नावे कोरली जातात व चषक वर्षाने परत केला जातो. सन्मान व्यक्तीचा, पण वस्तू मंडळाची, असा हा संकेत आहे.

‘मिसेस मिनिव्हर’ या १९४२ च्या चित्रपटात या न्यायव्यवस्थेतील ताण उत्तम रीतीने दाखवला आहे. गावातील पुष्पप्रदर्शनात गुलाबाचा चषक दरवर्षी उमरावपत्नी लेडी बेल्डन यांनाच मिळत असतो. स्टेशनमास्तर बॅलर्ड हा साधा माणूस आपला गुलाब घेऊन स्पर्धेत उतरतो. परीक्षकांनी नेहमीप्रमाणे लेडी बेल्डन यांच्या बाजूने निकाल दिलेला असतानाही त्या स्वतः व्यासपीठावरून विजेता म्हणून बॅलर्डचे नाव जाहीर करतात. प्रसंग काल्पनिक असला तरी त्यातील प्रश्न वास्तव आहे. पालथ्या कार्डाचा नियम करावा लागला, तो नेमका अशा दडपणामुळेच.

स्पर्धेची दुसरी बाजू

स्पर्धा तीव्र झाली की तिचे विकृत रूपही समोर येते. इंग्लंडच्या ईशान्येकडील नॉर्थम्बरलंड व डरम या परगण्यांतील कोळसा-खाणकामगारांनी लीक या कांद्याच्या कुळातील भाजीची स्पर्धा नावारूपाला आणली. ‘पॉट लीक’ या प्रकारात बुंधा आखूड व अतिशय जाड असतो आणि त्याचे आकारमान घनइंचांत मोजले जाते. कामगारांच्या क्लबांत भरणाऱ्या या स्पर्धांची बक्षिसे एके काळी इतकी मोठी झाली की, त्यांत फर्निचर व घरगुती उपकरणेही दिली जाऊ लागली. परिणामी प्रदर्शनाच्या आदल्या काही रात्री प्रतिस्पर्ध्याच्या वाफ्यात शिरून लीक चिरून टाकण्याचे प्रकार घडू लागले आणि स्पर्धक रात्रभर वाफ्याशेजारी पहारा देऊ लागले. बियाणे व खताचे मिश्रण ही घराण्याची गुपिते ठरली.

आकारमानाला प्राधान्य देणाऱ्या स्पर्धांवर दुसरा आक्षेप उपयुक्ततेचा आहे. अतिप्रचंड भाजी बहुधा चवीला निकृष्ट असते. म्हणूनच अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या कांद्यांसारखे मर्यादित वजनाचे वर्ग प्रचलित झाले. त्यांत स्वयंपाकघरात प्रत्यक्ष उपयोगी पडणारा कांदाच स्पर्धेत उतरतो आणि कौशल्य आकारात नव्हे, तर नेमकेपणात दिसते.

याउलट स्पर्धेतून प्रकटणाऱ्या निष्ठेचे एक उदाहरण धर्मगुरू व गुलाबतज्ज्ञ सॅम्युअल रेनॉल्ड्स होल यांनी १८६९ च्या आपल्या गुलाबविषयक पुस्तकात नोंदवले आहे. नॉटिंगहॅमच्या कामगारांनी त्यांना एप्रिल महिन्यात गुलाब-प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून बोलावले. त्या ऋतूत गुलाब कोठून येणार, म्हणून होल यांना प्रथम ती थट्टाच वाटली. प्रत्यक्षात कामगारांनी शहराबाहेरील छोट्या भाड्याच्या बागांत, स्वतः उभारलेल्या लहानशा काचघरांत उत्कृष्ट गुलाब फुलवले होते. कडाक्याच्या थंडीत झाडे वाचवण्यासाठी त्यांनी घरातील पांघरुणेही काचघरांवर घातल्याचे होल यांना समजले. नॉटिंगहॅममधील सेंट ॲन्स अलॉटमेंट्स हा त्या परंपरेतील बागांचा समूह आज संरक्षित वारसा म्हणून जतन करण्यात आला आहे.

स्त्रियांचा सहभाग आणि गाव हा घटक

ब्रिटनमधील पहिली ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ १९१५ मध्ये वेल्समधील अँगलसी बेटावर स्थापन झाली. या चळवळीच्या प्रसाराबरोबर गावच्या प्रदर्शनातील गृहकौशल्याच्या वर्गांना नियमबद्ध रूप आले. मुरंब्याची बरणी काठोकाठ भरलेली असावी, तिच्यावर जिन्नस व तारीख लिहिलेली असावी, व्हिक्टोरिया केकच्या दोन थरांमध्ये फक्त जॅम असावा, असे दंडक तेथेही असतात. घरातील ज्या श्रमाची एरवी दखल घेतली जात नाही, तो सार्वजनिक टेबलावर येऊन निकषांवर पारखला जातो, ही या वर्गांची जमेची बाजू होय.

१९६० च्या दशकात सुरू झालेल्या ‘ब्रिटन इन ब्लूम’ या मोहिमेने स्पर्धेचा घटक बदलला. तेथे एक व्यक्ती नव्हे, तर संपूर्ण गाव स्पर्धक असते. २००२ पासून ही मोहीम रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या देखरेखीखाली आहे. केवळ फुलांच्या आराशीवर असलेला तिचा भर पुढे पर्यावरण व लोकसहभाग यांकडे वळला.

ही प्रदर्शन-पद्धती ब्रिटिश राजवटीबरोबर भारतातही आली. विल्यम कॅरी यांच्या प्रयत्नाने १८२० मध्ये कोलकात्यात कृषी-उद्यान संस्था स्थापन झाली. पश्चिम भारतासाठीची अशीच संस्था १८३० मध्ये निर्माण झाली. पुण्यातील एम्प्रेस गार्डनची व्यवस्था तिच्याकडे असून तेथे जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या परिचयाचे आहे. वर्गवारी, प्रवेशिका आणि फिरता चषक ही त्याची चौकट याच परंपरेतून आलेली आहे.

आजचे प्रश्न

या मंडळांपुढे आज अनेक अडचणी आहेत. सभासदांचे वय वाढत आहे. नव्या घरांना परस लहान असते आणि कामासाठी दूर जाणाऱ्या कुटुंबांना वेळ मिळत नाही. खेड्यांतील घरांच्या किमती वाढल्याने पिढ्यानपिढ्या राहणारी कुटुंबे बाहेर पडतात. २०२० मध्ये कोविड महासाथीमुळे बहुसंख्य प्रदर्शने रद्द झाली. चेल्सी येथील प्रसिद्ध पुष्पप्रदर्शनही त्या वर्षी प्रत्यक्ष भरू शकले नाही. हवामानबदलामुळे फुलण्याच्या व पिकण्याच्या वेळा पुढेमागे होत असून अनेक दशके ठरून गेलेली प्रदर्शनाची तारीख आता पिकाशी जुळेलच, याची शाश्वती उरलेली नाही.

हे केवळ एका करमणुकीचे संकट नव्हे. जुन्या फ्लोरिस्ट ट्यूलिपचे किंवा स्पर्धेच्या गूजबेरीचे वाण व्यापारी रोपवाटिकांत सहसा मिळत नाहीत; ते सभासदांच्या परसांत आणि परस्परांतील देवघेवीत टिकून आहेत. मंडळ बंद पडले की वाण जोपासण्याचे कारणच नाहीसे होते. तीच गोष्ट कौशल्याची. शेंग कशी धरावी, कांदा केव्हा उपटावा, हे नियमपुस्तिकेत लिहिलेले असले तरी ते खऱ्या अर्थाने शिकले जाते ते टेबलापाशी, आदल्या वर्षी हरवणाऱ्या शेजाऱ्याकडूनच.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ग्रामीण बागकाम-प्रदर्शन ही उच्चवर्गाने खाली दिलेली देणगी नसून कारागिरांच्या स्वयंस्फूर्त मंडळांतून वाढलेली परंपरा आहे. धर्मगुरू, जमीनदार व राष्ट्रीय संस्था यांनी तिला नंतर आकार दिला. दुसरा असा की, स्पर्धेच्या गरजेतून ठेवलेल्या नोंदी विज्ञानालाही उपकारक ठरल्या. तिसरा निष्कर्ष नियमांविषयीचा आहे. नगांची संख्या, पालथे कार्ड, बाहेरगावचा परीक्षक आणि राखून ठेवलेले पहिले बक्षीस या बारीकसारीक वाटणाऱ्या तरतुदींमुळे जमीनदार व मजूर, जुना रहिवासी व नवागत एकाच टेबलावर समान निकषांनी तोलले जाऊ शकतात.

गावात संपत्ती, शिक्षण आणि घराणे यांच्या आधारे माणसाचे स्थान ठरत असते. वर्षातील एक दुपार तरी ते तीन सारख्या कांद्यांच्या आधारे ठरावे, ही व्यवस्था दोन शतकांहून अधिक काळ टिकून राहिली आहे. तिचे मोल बक्षिसाच्या रकमेत मोजता येणार नाही.